माल्कम एक्स यांचा खून आणि साक्षीचे मोल

पीडित समाजाचा पुढारी भर सभेत गोळ्या घालून मारला जातो तेव्हा त्या समाजाच्या तोंडी पहिला शब्द येतो तो ‘न्याय’ हा. ही मागणी रास्तच आहे. परंतु न्याय झाला असे केव्हा म्हणावे? चार माणसांनी न्यायालयात बोट दाखविले, तीन माणसे जन्मठेपेवर गेली आणि प्रकरणाच्या कागदांना गाठ मारून ते कपाटात पडले, म्हणजे न्याय झाला काय? या प्रश्नाचे उत्तर मिळावयास अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराला छप्पन्न वर्षे लागली. तेथील कृष्णवर्णीयांचे निर्भीड पुढारी माल्कम एक्स यांचा खून १९६५ साली झाला. त्या खुनाबद्दल शिक्षा झालेल्या तिघांपैकी दोघे निर्दोष होते, हे न्यायालयाने २०२१ साली मान्य केले. मधल्या काळात काय घडले, कोणाच्या शब्दाला वजन मिळाले आणि कोणाचा शब्द वाऱ्यावर सोडला गेला, हे वाचकांनी मुद्दाम समजून घ्यावे असे आम्हांस वाटते.

खुनाचा दिवस

माल्कम एक्स हे मूळचे ‘नेशन ऑफ इस्लाम’ या पंथाचे सर्वांत प्रभावी वक्ते. गुलामगिरीच्या काळात गोऱ्या मालकाने लादलेले आडनाव आम्ही वागविणार नाही, म्हणून त्यांनी आडनावाच्या जागी ‘एक्स’ हे अक्षर घेतले होते. पंथाचे प्रमुख एलिजा मुहम्मद यांच्याशी मतभेद होऊन मार्च १९६४ मध्ये ते पंथाबाहेर पडले. त्याच वर्षी त्यांनी मक्केची यात्रा केली आणि सुन्नी इस्लामचा स्वीकार केला. पंथातील लोकांच्या लेखी ते आता द्रोही ठरले होते. १४ फेब्रुवारी १९६५ रोजी त्यांच्या घरावर पेटते बाँब टाकण्यात आले. बायकामुलांसह ते कसेबसे वाचले.

त्यानंतर एकाच आठवड्याने, २१ फेब्रुवारी रोजी, न्यूयॉर्कच्या वरच्या भागातील ऑडुबॉन नृत्यगृहात त्यांची सभा होती. सुमारे चारशे लोक जमले होते. माल्कम यांच्याच इच्छेवरून त्या दिवशी दारात कोणाची झडती घेतली गेली नाही. ते बोलावयास उभे राहताच श्रोत्यांत दोन माणसांची खोटी बाचाबाची सुरू झाली. खिशातून हात काढ, असे एक जण ओरडला. रक्षक तिकडे वळले. इतक्यात पुढून एका माणसाने आखूड नळीची बंदूक झाडली आणि पाठोपाठ दोन पिस्तुलांतून गोळ्या सुटल्या. मागे धूर करणारा बाँब टाकला गेला. लोक खुर्च्यांखाली दडले, दाराकडे धावले. गर्भवती पत्नी आणि चार लहान मुली यांच्या डोळ्यांदेखत माल्कम कोसळले. त्यांचे वय ३९ वर्षांचे होते आणि शरीरावर एकवीस जखमा होत्या.

त्याच संध्याकाळी त्या सभागृहातील रक्त पुसून तेथे ठरलेला नृत्याचा कार्यक्रम पार पडला. ज्या जागेचा कोपरान् कोपरा तपासावयाचा, ती काही तासांत धुऊन मोकळी झाली. आता पुरावा म्हणून मुख्यतः उरली ती माणसांची आठवण.

न्यायालयात कोण काय बोलले

जागेवर पकडला गेला तो एकच आरोपी, टॅलमाज हेयर. माल्कम यांच्या एका रक्षकाची गोळी त्याच्या पायात लागली होती आणि त्याच्या खिशात काडतुसांची पट्टी सापडली. त्याच्याविषयी वाद नव्हताच. पुढल्या दोन आठवड्यांच्या आत पोलिसांनी आणखी दोघांना त्यांच्या घरांतून पकडले: नॉर्मन बटलर व थॉमस जॉन्सन. पुढे त्यांनी मुहम्मद अझीज व खलील इस्लाम ही नावे घेतली. आपणही त्यांना याच नावांनी ओळखू.

या दोघांविरुद्ध एकही वस्तुरूप पुरावा नव्हता. हत्यार नाही, बोटांचा ठसा नाही, रक्ताचा डाग नाही. होते ते केवळ प्रत्यक्षदर्शी साक्षीदार, आणि त्यांच्या जबान्या एकमेकींशी जुळत नव्हत्या. कोण कोठे बसला होता, कोणाच्या हाती कोणते हत्यार होते, कोण कोणत्या बाजूने पळाला, याविषयी प्रत्येकाचे म्हणणे निराळे. सरकारपक्षाच्या एका प्रमुख साक्षीदाराला तर सरकारनेच साक्षीसाठी ताब्यात ठेवले होते. खटल्यापूर्वी ग्रँड ज्यूरीपुढे त्याने सांगितलेली हकीकत आणि खटल्यात शपथेवर सांगितलेली हकीकत यांत कोणते हत्यार कोणाच्या हाती होते हेच बदलले होते.

उलट बाजूस आरोपींचे म्हणणे साधे होते. अझीज यांचा पाय दुखावला होता. त्याच दिवशी सकाळी रुग्णालयात त्यावर उपचार झाले होते आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरने तसे न्यायालयात सांगितले. दोघेही घरी होते अशी त्यांच्या पत्नींनी साक्ष दिली. शिवाय व्यवहाराचा एक प्रश्न होता. हे दोघे हार्लेममधील मशिदीचे कार्यकर्ते. माल्कम यांचे रक्षकही पूर्वी त्याच मशिदीचे. ते या दोघांना तोंडाने ओळखत होते आणि शत्रू मानीत होते. अशी ओळखीची माणसे पुढल्या रांगांपर्यंत येऊन बसली आणि कोणी हटकले नाही, हे संभवते काय? ज्यूरीने या प्रश्नाला महत्त्व दिले नाही. डॉक्टरची साक्ष अपुरी मानली गेली आणि पत्नींची साक्ष घरची म्हणून बाजूस पडली.

खुन्याचा शब्द

याच खटल्यात एक विलक्षण गोष्ट घडली. हेयरने प्रथम शपथेवर आपला या खुनाशी संबंध नाही असे सांगितले. काही दिवसांनी तो पुन्हा साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिला आणि म्हणाला की, होय, खुनात मी होतो. पण हे दोघे नव्हते. ते निर्दोष आहेत. मग तुझे साथीदार कोण, असे विचारताच त्याने नावे सांगण्याचे नाकारले. आपण पैशासाठी हे केले, पंथाशी आपला संबंध नाही, असेही त्याने ठोकून दिले. ते खोटे होते. सरकारी वकिलांनी ज्यूरीला सांगितले की, आपण तर बुडालोच, निदान सोबत्यांना वाचवावे, एवढाच या माणसाचा हेतू आहे. ज्यूरीला ते पटले. मार्च १९६६ मध्ये तिघेही दोषी ठरले आणि तिघांना जन्मठेप झाली.

वाचकांनी येथे क्षणभर थांबून विचार करावा. हेयर खोटे बोलला होता यात संशय नाही. पहिल्यांदा खोटे, दुसऱ्यांदा अर्धे खोटे. पण जो साक्षीदार एका गोष्टीत खोटा, तो सर्वच गोष्टींत खोटा, असे मानावयाचे असेल तर तोच नियम सरकारपक्षाच्या साक्षीदारांना का लावला गेला नाही? त्यांनीही आपल्या हकीकती बदलल्या होत्या. आरोपीच्या तोंडचा बदल हा कपटाचा पुरावा आणि सरकारी साक्षीदाराच्या तोंडचा बदल ही मात्र गोंधळात झालेली विस्मृती, असा भेद ज्या तराजूत होतो तो तराजू न्यायाचा नव्हे.

आमच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली वडिवेलू थेवर विरुद्ध मद्रास राज्य या खटल्यात साक्षीदारांचे तीन वर्ग सांगितले आहेत. एक पूर्ण विश्वासार्ह, दुसरा पूर्ण अविश्वासार्ह, आणि तिसरा या दोहोंच्या मधला. पहिल्या वर्गातील एकटा साक्षीदारही पुरेसा होतो. दुसऱ्या वर्गातील साक्षीवर विसंबता येत नाही. अडचण येते ती तिसऱ्याची. त्याच्या शब्दाला दुसरीकडून पुष्टी मिळते की नाही हे न्यायालयाने शोधावे लागते. अमेरिकेच्या न्यायालयाला हा निवाडा बंधनकारक नव्हता हे उघड आहे. पण त्यामागील व्यवहारज्ञान कोणत्याही देशाचे आहे. हेयर हा तिसऱ्या वर्गातील साक्षीदार होता. त्याच्या बोलण्यातील सत्य निवडून काढण्यासाठी पुष्टी शोधणे एवढेच करावयाचे होते. आणि ती पुष्टी अस्तित्वात होती! ती सरकारच्याच दप्तरात बंद होती.

दप्तरातील सत्य

संघीय अन्वेषण ब्यूरोचे खबरे माल्कम यांच्याभोवती पेरलेले होते. न्यूयॉर्क पोलिसांचे गुप्त कर्मचारीही त्या दिवशी सभागृहात हजर होते. त्यांतील एक तर माल्कम यांच्या रक्षक पथकातच होता आणि त्याने मरणोन्मुख माल्कम यांना तोंडाने श्वास देण्याचा प्रयत्न केला होता. हे सर्व आरोपींच्या वकिलांपासून लपविले गेले. आखूड बंदूक झाडणाऱ्या माणसाचे जे वर्णन ब्यूरोकडे आले होते ते खलील इस्लाम यांना लागू पडत नव्हते. ते नेवार्क शहरातील एका दुसऱ्याच इसमाशी जुळत होते. ब्यूरोच्या खबऱ्यांनी पोलिसांशी बोलताना आपण खबरे आहोत हे सांगू नये, अशी सूचना ब्यूरोचे प्रमुख जे. एडगर हूव्हर यांच्याकडून गेल्याचेही पुढे कागदोपत्री उघड झाले.

आरोपीला अनुकूल असा महत्त्वाचा पुरावा सरकारने दडवून ठेवू नये, असा दंडक अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्रॅडी खटल्यात १९६३ सालीच घालून दिला होता. म्हणजे नियम ठाऊक नव्हता असे नाही.

१९७७-७८ मध्ये हेयरने, ज्याचे नाव आता मुजाहिद अब्दुल हलीम झाले होते, प्रतिज्ञालेख करून आपल्या चार साथीदारांची माहिती दिली. ते सर्व नेवार्कच्या मशिदीशी संबंधित होते. न्यायाधीशांनी खटला पुन्हा उघडण्यास नकार दिला. अझीज १९८५ साली पॅरोलवर सुटले, खलील इस्लाम १९८७ साली. सुटल्यावरही माल्कमचा खुनी हा शिक्का कपाळी राहिलाच. खलील इस्लाम २००९ साली तो शिक्का घेऊनच वारले.

अब्दुर रहमान मुहम्मद या स्वतंत्र संशोधकाने अनेक वर्षे चिकाटीने केलेला शोध २०२० साली एका माहितीपट-मालिकेतून जगापुढे आला. तेव्हा मॅनहॅटनच्या सरकारी वकिलांनी फेरतपासणी हाती घेतली. ती बावीस महिने चालली. अझीज त्या वेळी घरी होते याला दुजोरा देणारा एक साक्षीदार तोवर हयात होता. आपण मशिदीत फोन घेतला होता आणि त्यानंतर उलट फोन करून अझीज यांच्याशी त्यांच्या घरी बोललो होतो, असे त्याने सांगितले. १८ नोव्हेंबर २०२१ रोजी न्यायालयाने दोघांच्या शिक्षा रद्द केल्या आणि सरकारी वकिलांनी क्षमा मागितली. पकडले गेले तेव्हा सव्वीस वर्षांचे असलेले अझीज आता त्र्याऐंशी वर्षांचे होते. आपण निर्दोष आहोत हे कळण्यासाठी आपणांस या न्यायालयाची किंवा कागदाच्या तुकड्याची गरज नाही, अशा अर्थाचे शांत उद्गार त्यांनी काढले. २०२२ साली शहर आणि राज्य यांनी मिळून ३ कोटी ६० लाख डॉलरची भरपाई मान्य केली. त्यांतील अर्धा वाटा मृताच्या वारसांचा होता. नेवार्कच्या ज्या इसमांकडे बोट दाखविले गेले होते, त्यांची चौकशी मात्र कोणत्याही न्यायालयात कधीच झाली नाही.

शब्दाचे वजन कसे करावे?

या प्रकरणातून काही साध्या कसोट्या हाती लागतात. पहिली, साक्षीदाराला दिसणे शक्य होते काय? धूर, किंकाळ्या, पळापळ आणि बंदुकीकडे खिळलेली नजर अशा स्थितीत काही सेकंदांत पाहिलेला चेहरा वर्षभराने ओळखणे म्हणजे काय, याचा विचार झाला पाहिजे. दुसरी, तो पहिल्यांदा काय बोलला? अटकेनंतर आरोपींची छायाचित्रे वर्तमानपत्रांत झळकली होती. मग साक्षीदाराने न्यायालयात ओळखले ते सभागृहातील चेहऱ्याला की वर्तमानपत्रातील छायाचित्राला? तिसरी, त्याच्यावर कोणाचा दाब आहे, कोणाचा लोभ आहे? आणि चौथी, त्याचा शब्द दुसऱ्या एखाद्या स्वतंत्र गोष्टीवर टेकतो काय?

साक्षीदार प्रामाणिक असूनही चुकू शकतो, ही गोष्ट तर विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९७४ साली अमेरिकेतील लॉफ्टस व पामर या मानसशास्त्रज्ञांनी मोटारींच्या टकरीची चित्रफीत लोकांना दाखवून गाड्यांचा वेग विचारला. प्रश्नात ‘धडकल्या’ म्हटले तेव्हा सरासरी उत्तर ताशी ३४ मैल आले. ‘आदळून चक्काचूर झाल्या’ अशा जोराचा शब्द वापरला तेव्हा ते सुमारे ४१ मैल झाले. विचारणाऱ्याचा शब्द बदलला की पाहणाऱ्याची आठवणही बदलते. मग तो विचारणारा गणवेशातील अधिकारी असेल आणि त्याच्या मनात आरोपीचे नाव आधीच ठरलेले असेल, तर काय होत असेल?

आणि नाव आधीच ठरलेले होते. पंथ सोडून गेलेल्या एका माणसावरील गोळीबाराच्या दुसऱ्या प्रकरणात अझीज व खलील इस्लाम यांच्यावर पूर्वीच आरोप होता. पोलिसांच्या लेखी ती तयार माणसे होती. माणूस संशयास्पद आहे म्हणून हे कृत्य त्याचेच, ही विचारसरणी किती जुनी आणि किती घातकी आहे हे आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

एक आक्षेप

कोणी म्हणेल, साक्षी इतक्या बारकाईने चाळू लागलो तर राजकीय खुनाचा एकही आरोपी दोषी ठरणार नाही. अशा खुनात साक्षीदार भ्यालेले असतात, फितूर होतात, गप्प बसतात. मिळेल त्या साक्षीवर भागवावे लागते. हा आक्षेप पोकळ नाही. भीतीने गप्प राहिलेल्या साक्षीदारांमुळे खुनी सुटल्याची उदाहरणे कोणालाही आठवतील. पण त्यावरचा उपाय साक्षीदाराला संरक्षण देणे, घटनास्थळ राखणे, पहिली जबानी तत्काळ नोंदवणे आणि सरकारने आपल्याजवळचा सर्व कागद खुला करणे हा आहे. दुबळ्या साक्षीला बळकट म्हणणे हा नव्हे. ऑडुबॉनच्या खटल्यात साक्षी सैलपणे घेतल्या म्हणून खुनी सापडले असे झाले काय? उलट, दोन निर्दोष माणसे आत गेल्यामुळेच खऱ्या खुन्यांचा शोध त्या दिवशी थांबला.

आपल्यापुरते

वाचकहो, या हकीकतीत आम्हांस सर्वांत अधिक टोचते ती गोष्ट अशी. बोट दाखविणाऱ्यांत माल्कम यांच्यावर जीव टाकणारी माणसेही होती. ती विकत घेतलेली नव्हती. आपला माणूस डोळ्यांदेखत पडलेला, पंथाच्या लोकांनी घात केला हे मनाशी पक्के झालेले, आणि समोर पंथाचीच दोन माणसे उभी. दुःखाने त्यांना तो चेहरा दाखविला जो पाहण्याची त्यांची इच्छा होती. ज्या सत्तेने माल्कम यांच्यावर वर्षानुवर्षे पाळत ठेवली तिला एवढेच पुरेसे होते. कृष्णवर्णीयाचा खून कृष्णवर्णीयांनी केला, तिघे सापडले, प्रकरण संपले. पाळत ठेवणाऱ्यांना काय ठाऊक होते, हा प्रश्न विचारण्याचे मग कारणच उरले नाही.

म्हणून न्याय मागणाऱ्या समाजावर दुहेरी जबाबदारी येते. आपल्या माणसाच्या खुन्याला शिक्षा झालीच पाहिजे हा आग्रह सोडावयाचा नाही. पण त्याच आवाजात असेही म्हटले पाहिजे की, आम्हांला खराच खुनी हवा आहे. आमच्या समाधानासाठी पुढे केलेला माणूस नको. आपल्या बाजूने बोलणाऱ्या साक्षीदारालाही आपणच प्रथम कठोर प्रश्न विचारले पाहिजेत, कारण ते आपण विचारले नाहीत तर दुसरे कोणी विचारणार नाही. आणि सरकारी दप्तरे उघडा, ही मागणी निकालाच्या दिवसानंतरही चालू ठेवली पाहिजे.

अझीज यांनी वीस वर्षे तुरुंगात काढली आणि त्यानंतरची छत्तीस वर्षे कलंकात. खलील इस्लाम यांना तर निर्दोषत्वाचा निकाल ऐकावयासही मिळाला नाही. त्या दोघांची शिक्षा माल्कम यांच्या पत्नीला आणि मुलींना न्याय म्हणून देण्यात आली होती. पतीचा खुनी म्हणून ज्यांची नावे न्यायालयाने त्या बाईंना सांगितली त्यांत दोन नावे खोटी होती, आणि १९९७ साली त्यांनी डोळे मिटले तोवर न्यायालयाने ती नावे मागे घेतली नव्हती.